भाकरीखालचा गूळ

"व्हय रं, बायकोसाठी ताटात गूळ झाकून ठेवतूस म्हणं तू?"

सासूबाईंनी स्वयंपाकघराच्या दारातून सोप्यावर हाक देऊन विचारलं. धाकट्या दिराचं नुकतंच लग्न झालेलं. सोप्यावर पाहुणे, आत बायकांची पंगत. मी चुलीपुढं भाकरी थापत होते. हात पिठातच राहिले.

मालक दाराशी आले. आधी त्यांना काही कळेना. मग हसू फुटलं.

"तिच्यासाठी कशाला? मला गूळ गिळवत न्हाय. तू बघितलंस की वरडतीस, म्हणून भाकरीखाली सारतो."

सगळी पंगत हसली. ननंद तर ठसका लागेपर्यंत हसली. "अगं बया! वैनी म्हणत्यात, दादाची माया हाय ती!"

सासूबाई म्हणाल्या, "हिच्या बापानं गूळ कधी दावला असंल का हिला? आमचं खरकटं, ते हिचं पक्वान्न."

मालक अजून दारातच उभे होते. त्यांनी ते ऐकलं. पाहुण्यांकडं बघून तेही हसले आणि निघून गेले. तव्यावरची भाकरी करपली. त्यावरूनही बोलणी खाल्ली.

बेंबळीकडचं हे घर मोठं. विहिरीची जमीन, चार बैलजोड्या, गडी-माणसं. माझे वडील ढोकीच्या बाजूला दुसऱ्यांच्या गुऱ्हाळावर राबायचे. निजाम गेला त्या सुमारास माझी चौथी झाली आणि शाळा संपली. पुढं लग्न लांबत गेलं. रंग उजळ म्हणून या घरानं मला मागून घेतलं, मुलगी आणि नारळ एवढ्यावर. ते नारळाचं बोलणं मी रोज ऐकलं. पाणी सांडलं तरी नारळ, मीठ जास्त पडलं तरी नारळ.

या घरात दिवसा नवरा-बायकोनं बोलायचं नाही. समोर आले तर मी पदर ओढून भिंतीला लागायचं. पुरुष आधी जेवायचे. मग सुनेनं नवऱ्याच्या उष्ट्या ताटात वाढून घ्यायचं. तशी रीतच होती. तेवढं एक ताट आमच्या दोघांचं होतं.

लग्नानंतर थोड्याच दिवसांत त्या ताटात उरलेल्या चतकोर भाकरीखाली गुळाचा खडा दिसला. तुपात भिजलेला. दुसऱ्या दिवशीही दिसला. मी मनाशी ठरवून टाकलं की यांना बोलता येत नाही, म्हणून हे असं सांगतात. झाकून ठेवतात, कारण कुणी बघू नये. मला कुणी विचारलं नव्हतं, कुणी सांगितलं नव्हतं. मीच ठरवलं.

लिहायला लाज वाटते, पण लिहिते. गूळ मला आवडत नाही. वडिलांना मजुरीत कधी गूळच मिळायचा. वाईट दिवसांत आम्ही भावंडांनी गुळाचं पाणी आणि भाकरी खाऊन दिवस काढलेत. वासानं मळमळायचं. तरी या घरात मी तो खडा रोज खाल्ला. जिभेवर धरून ठेवायचे, लवकर संपू नये म्हणून. ज्या दिवशी खडा नसायचा त्या दिवशी माझं काय चुकलं ते शोधत बसायचे. मालक माझ्याशी तुसडेपणानं वागले तरी वाटायचं, वरवरचं आहे, आतलं मला ठाऊक आहे. अशी वर्षं गेली. मूल झालं, गेलं. तेव्हाही ते माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. पण ताटात गूळ होता. मी त्या गुळावर तो दिवस काढला.

हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. त्या पंगतीच्या आधी नवी जाऊ हळूच म्हणाली, "अक्का, मला न्हाय जमायचं उष्ट्यात जेवायला. शिसारी येती." पोरीचे डोळे भरलेले. तिला धीर यावा म्हणून मी माझं गुपित सांगितलं. म्हटलं, ताटात बघत जा, माणूस काय ठेवतो त्यात मन कळतं. ननंद मागंच उभी होती.

सासूबाई बोलल्या त्याचं मला तेवढं लागलं नाही. त्यांची सवय होती. लाज वाटली ती माझी मला. मी एवढी उपाशी होते, की टाकलेलं उचलून त्याला माया म्हणाले. आणि ते आता सगळ्यांना ठाऊक झालं होतं. संध्याकाळी पाणी आणायला गेले तर वाटलं, आडावरच्या बायकाही तेच बोलतात.

दुसऱ्या दिवशी ननंदेनं ताट माझ्यापुढं सरकवलं. "घ्या वैनी, तुमची चिठ्ठी आलीया."

मी खाली बसले. आणि माझ्या हातानं भाकरी उचलून खाली बघितलं. सगळं कळल्यानंतरही. बोटं आपोआप गेली. सगळ्याजणी बघत होत्या. ननंदेनं हसू दाबलं. नवी जाऊ मात्र खाली बघत होती.

कालच्यापेक्षा ही लाज मोठी होती. काल त्यांनी माझं हसं केलं. आज मीच माझं हसं केलं.

मी उठले. ते ताट नेऊन घासायच्या भांड्यांत ठेवलं. फळीवरचं धुतलेलं ताट घेतलं आणि वाढून घेतलं.

"ही कुठली रीत?" सासूबाई म्हणाल्या.

माझा आवाज कापत होता. "आत्याबाई, मी उष्ट्यात जेवणार न्हाय. आजपासनं न्हाय."

"नारळावर आलेली, आन् ताट येगळं मागती!"

मी जेवत राहिले. थोड्या वेळानं नवी जाऊ उठली आणि तिनंही फळीवरचं ताट घेतलं.

दोन दिवसांनी मी रानात भाकरी घेऊन गेले. विहिरीपाशी आम्ही दोघंच होतो. मालक म्हणाले, "एवढं काय झालं? हसलो तर हसलो. घरात तमाशा कशाला?"

मी पदर ओढला नाही. विचारलं, "मला काय आवडतं, सांगा बरं."

ते हसले. "गूळ की."

"न्हाय आवडत."

"मग? तुला तर समदंच चालतं."

त्यांनी ते वाईट मनानं म्हटलं नाही. तेच जास्त लागलं. एवढ्या वर्षांत त्यांना कधी विचारावं वाटलं नव्हतं. मीही कधी सांगितलं नव्हतं. त्यांच्या मनात माझ्याविषयी काय आहे, ते मला आजही ठाऊक नाही. कदाचित काही असेल. कदाचित नसेलच.

घरात महिनाभर माझ्याशी कुणी धड बोललं नाही. मालकही नाहीत. मी याच घरात आहे, जायला दुसरं घर नाही. पण कुणाच्या गप्प राहण्याचा अर्थ मी आता लावत बसणार नाही. ज्याला माया असेल त्यानं तोंडानं सांगावं, चारचौघांत सांगावं. नसेल तर तेही सांगावं. मी ऐकून घेईन. आणि मला जे चालत नाही, ते चालत नाही म्हणेन. आवाज कापला तरी म्हणेन.