क्लीन चॅनलची कुरकुर

बहिणीच्या साक्षगंधाच्या दिवशी सकाळी मी तिचं नाक कापायच्या पूर्ण तयारीत होतो, आणि तेही माझ्याच गिटारच्या ॲम्पने.

झालं असं, की शुभाने होणाऱ्या सासरी आधीच सांगून ठेवलं होतं, की माझा दादा गिटार वाजवते. दुपारी पाहुणे आले की मी एक संथ, गोड धून वाजवायची असं ठरलं. आमच्या कुडवा गावच्या घरात माझं गिटार ऐकायची इच्छा कोणी दाखवली, ती पंधरा वर्षांत पहिल्यांदाच! (मी गिटार उचललं की आईला शेजारी काहीतरी काम निघतं.)

पण चार दिवसांपासून गिटार जोडायच्या त्या डब्याचा, ॲम्पचा, आवाज फाटून राहिला होता. क्लीन चॅनल म्हणजे कसा स्वच्छ, निर्मळ आवाज हवा. इथे प्रत्येक सुरामागे कोणीतरी चणे फुटाणे भाजत होतं. बरं, कुरकुर रोज वाढतच चाललेली.

मी कंबर कसली. केबल बदलली, गेनचं बटण शून्यावर आणलं, मित्राचं गिटार मागून आणलं. कुरकुर जागच्या जागी. मग मला साक्षात्कार झाला, की दोष विजेत आहे. मी घरातला फ्रिज बंद केला आणि चालू करायला विसरलो. पाहुण्यांसाठी आणलेल्या आईस्क्रीमचं दूध झालं. बाबांनी फ्रिज चालू केला आणि त्याच्या बटणावर चिकटपट्टी लावली.

अकरा वाजता शुभा आली. "दादा, राहू दे ना. मी सांगतो त्याहिले, का तुझं बोट कापलं म्हणून."

ते ऐकून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता आतल्या, बल्बसारख्या तापणाऱ्या ट्यूबाच काढून बघतो म्हणून मी भिंतीला टेकलेला ॲम्प ओढला आणि फिरवला. तेवढ्यात आई स्वयंपाकघरातून धावत आली.

"बापू, हात नको लावू! अजून थोड्या ओल्या हायेत त्या!"

ॲम्पची पाठ उघडी असते. आत, स्पीकरला खेटून, स्टीलची ताटली होती आणि तीत मुंगवड्या!

"आठ दिवस झाले, ऊन नाही. कुठं सुकवू? तुझा डब्बा मस्त गरम राहाते."

आता उलगडा झाला. वड्या ओल्या होत्या तोवर ताटलीला चिकटून गप्प होत्या. जसजशा सुकल्या तसतशा माझ्या सुरांवर नाचू लागल्या. ताटली काढली, तार छेडली, आणि काय सांगू, आवाज असा निघाला की बाबासुद्धा दारात येऊन उभे राहिले.

दुपारी फराळाच्या ताटल्या फिरल्या आणि मी वाजवलं. सगळी बैठक चिडीचूप. शुभाचे डोळे भरून आले, माझेही आले. वाजवून झाल्यावर नवरदेवाची आई अगदी मनापासून म्हणाली, "वा!" मी मान झुकवली. त्या पुढे म्हणाल्या, "अशा ढगाळ हवेत मुंगवड्या इतक्या खुसखुशीत कशा झाल्या हो?"

तेव्हापासून घरात माझ्या रियाजाला मान आहे. आभाळ आलं की आई स्वतः ॲम्पचं बटण दाबते आणि म्हणते, "वाजव बापू, दोन तास तरी उठू नको."