ब्रसेल्सच्या मोर्चातली दोन मिनिटं

पोलिसांनी माझी रायफल नेली ती खंडेनवमीच्या दिवशी, आणि तेव्हा तिच्यावर झेंडूची माळ होती. हे मी वकिलाला, क्लबच्या अध्यक्षाला आणि फुलांच्या बाजारातल्या निम्म्या लोकांना सांगितलं आहे. कुणालाच ते माझ्या बाजूचं वाटत नाही.

माझे वडील साताऱ्याजवळच्या एका बँकेच्या दारात दुनळी बंदूक घेऊन उभे राहायचे. बंदूक बँकेची. खंडेनवमीला मॅनेजर ती पाटावर ठेवून पूजा करायचे आणि वडील बाजूला हात जोडून उभे. मी नेदरलँड्सला आलो, फुलांच्या लिलावाच्या गोदामात ट्रॉल्या ढकलल्या, मग भांडून-झगडून स्वतःचा फुलांचा धंदा उभा केला. उइटहॉर्नला घर झाल्यावर नेमबाजीच्या क्लबात नाव घातलं ते एवढ्याचसाठी, की आपल्या नावावर एक बंदूक असावी. इथे आधी क्लबात नेम शिकावा लागतो, मग पोलीस परवाना देतात, आणि बंदूक घरात लोखंडी तिजोरीत कुलूपबंद ठेवावी लागते. सगळं ठाऊक होतं. पण तिजोरीत कुणी पूजा करतं का? मी पुढच्या खोलीत पाट मांडला.

"अहो, पडदा तरी ओढा," बायको म्हणाली.

"का? चोरी करतोय का मी?"

इथे पुढच्या खिडकीला कुणी पडदा ओढत नाही, आम्हीही ओढत नव्हतो. कुत्रा फिरवणाऱ्या कुणीतरी फोन केला. दोन पोलीस आले, पायपुसण्यावर बूट पुसून आत आले. एकाने माळ अलगद काढून माझ्या हातात दिली. परवाना रद्द झाला, आणि प्रकरण मिटेपर्यंत क्लबात येऊ नका, असं अध्यक्षांनी कळवलं.

रायफलीचं दुःख होतंच, पण खरा घाव रविवारावर बसला. पंधरा वर्षांची माझी मुलगी त्याच क्लबात दर रविवारी एअर रायफल शिकते. घरी आम्ही मराठीत विचारतो, ती डचमध्ये उत्तर देते. क्लबात मात्र नेम चुकला की ती मराठीत करवादायची, कारण तिथे ते फक्त मला कळायचं. "आयला, बाबा, परत डावीकडे!" तेच मग परतीच्या वाटेवर गाडीत चालू राहायचं. मोडकंतोडकं मराठी, पण घरापर्यंत टिकायचं. परवाना परत मिळाला की हे रविवार परत मिळतील, असा माझा हिशोब होता.

म्हणून मी ब्रसेल्सला गेलो. युरोपातले नवे नियम जाचक आहेत म्हणून नेमबाजांचा मोर्चा होता, युट्रेख्टहून बस निघणार होती. क्लबातला एक म्हातारा सोबती म्हणाला, तुझी गोष्ट मंचावरून सांग, दोन मिनिटं मिळवून देतो. चार देशांचे लोक ऐकतील, पोलिसांवर दबाव येईल, असं मला वाटलं. मोर्चा शनिवारी होता, आणि त्याच दिवशी एनस्खेडेला मुलीची पहिली स्पर्धा होती.

"बाबा, तू येणार ना?"

"एकदा हे मिटू दे गं. मग प्रत्येक स्पर्धेला येईन."

"ओके," म्हणाली आणि खोलीत गेली. तिथेच मी ओळखायला हवं होतं. बाजारात समोरचा घासाघीस न करता हो म्हणाला, की तो पुन्हा येत नाही.

ब्रसेल्सला मंचामागे पिवळं जाकीट घातलेली एक बाई वक्त्यांना ओळीने उभं करत होती. तिने माझं सगळं ऐकून घेतलं.

"फुलं, पूजा वगैरे नको," ती म्हणाली. "कष्टाने वर आलेला माणूस, परवाना गेला, बस."

"पूजा काढली तर उरलं काय? एका वाक्यात सांगतो."

"नाही."

"अर्ध्या वाक्यात."

माझा सोबती हसला. "हा ट्युलिपसुद्धा असेच घेतो."

ती हसली नाही. "आम्ही बंदुका कुलपात ठेवणारी माणसं आहोत, हे सांगायला इथे आलोय. तुमची खिडकीत होती."

"म्हणजे तुम्हीही पोलिसांच्याच बाजूच्या?"

"या बाबतीत, हो."

माझा पारा चढला. मोर्चात डोकी मोजायला मी चालतो, माझा देव चालत नाही, असं काहीबाही मोठ्याने बोललो. लोक वळून बघू लागले, तसा बसमध्ये जाऊन बसलो. बस संध्याकाळशिवाय सुटणार नव्हती.

तेवढ्यात बायकोचा व्हिडिओ कॉल आला. ती मुलीबरोबर रेल्वेने एनस्खेडेला गेली होती. "अहो, ती उभी राहिलीय. बघा, फोन धरते."

पडद्यावर मुलीची पाठ दिसत होती, खांद्याला लावलेली रायफल आणि घट्ट बांधलेली वेणी. मी म्हणालो, "मला बोलूच दिलं नाही गं यांनी! इतक्या लांब आणून..."

"अहो, हळू. इथे सगळे गप्प आहेत."

"गप्प काय बसू? ती बाई मला म्हणते..."

मुलीने रायफल खाली केली आणि मागे पाहिलं. बायकोने फोन बंद केला.

मुलगी शेवटून दुसरी आली. त्या आठवड्यापासून क्लबातल्या दुसऱ्या एका मुलीचे वडील आमच्या मुलीलाही रविवारी घेऊन जाऊ लागले. ते वेळेवर येतात, हॉर्न वाजवत नाहीत. मी त्यांच्यात खोट काढायचा प्रयत्न केला, सापडली नाही. त्या बाईवरचा राग अजून गेलेला नाही, पण कुलपाची आणि खिडकीची तिची ती दोन वाक्यं मला खोडता आलेली नाहीत.

अपील चालू आहे. आशा आहे, असं वकील म्हणतो. परवा मी मुलीला म्हटलं, "परवाना मिळाला की पुन्हा आपण दोघं जाऊ."

ती पाहुण्यांशी बोलावं तसं शब्द नीट जुळवत मराठीत म्हणाली, "बाबा, त्यांच्या गाडीत आम्ही तिघी मैत्रिणी असतो. तू तुझ्या गाडीने मागून ये."