भाऊजींचा उंट

आमचे भाऊजी वाटेनं चालताना झाडांच्या बुंध्यांकडं बघत चालायचे. पुरानं एखाद्या बुंध्यावर गाळाची रेघ ठेवलेली दिसली की जवळ जाऊन उभे राहायचे आणि ती आपल्या अंगावर कुठवर येते ते हात लावून बघायचे. मांडीपर्यंत, कंबरेपर्यंत. मग पुढं निघायचे. लग्नाच्या वरातीतसुद्धा हे चाले. लोक हसत आणि मला मेल्याहून मेल्यासारखं होई, कारण हा माणूस माझ्या सख्ख्या बहिणीचा नवरा होता.

आधी ते असे नव्हते. लष्करानं लिलावात काढलेली एक जुनी जीप त्यांनी घेतली होती आणि गावातून पवनीपर्यंत सवाऱ्या नेत. गाव आसगावपासून आत, मधे नाला, त्यावर पूल नाही. सत्तरच्या दशकात त्या भागात स्वतःची गाडी असलेला माणूस म्हणजे काय विचारता! कोणतीही अडचण सांगा, भाऊजींचं उत्तर एकच, "गाडी हाय ना आपल्याजवळ."

पावसाळ्यात नाला चढला की गावात एक रीत होती. आजाऱ्याला बाजेवर निजवायचं, चार गड्यांनी बाज खांद्यावर घ्यायची आणि छातीभर पाण्यातून पलीकडं न्यायचं. ताईचं पहिलं बाळंतपण अडलं तेव्हा नाला असाच चढलेला होता. शेजारचे सोमाजी बाज काढा म्हणाले. भाऊजींना ते लागलं. "घरी गाडी असतानी माही बायको बाजेवर जाईन का?" असं म्हणून पवनीच्या दवाखान्यात न्यायला त्यांनी तिला जीपमध्ये बसवलं. जीप नाल्याच्या मधोमध पाणी पिऊन बंद पडली. दोर लावून ओढेपर्यंत फार उशीर झाला. ताई वाचली. बाळ गेलं.

त्या दिवशी घरी येऊन भाऊजी ओल्या सदऱ्यानिशी समोरच्या भिंतीला पाठ लावून उभे राहिले. छातीवर जिथपर्यंत कापड भिजलं होतं तिथं मागं हात नेऊन खूण केली आणि तिथून चुन्यानं आडवी रेघ ओढली. जीप आणून भिंतीला खेटून लावली. इंजिन रेघेच्या पार खाली होतं. "पाणी खाली येत नाई, तं आपून वर जाऊ," ते म्हणाले. पुढं कितीतरी वर्षं हेच वाक्य आम्ही ऐकलं.

मग तो उद्योग सुरू झाला. तुमसरकडच्या भंगारातून ट्रकच्या कमानींचे, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगांचे, लांब पट्टे आणले. गावच्या लोहाराच्या भात्यापुढं बसून त्यांना जास्तीचा बाक दिला. ते जीपखाली बसवले, कमानी अडकवायचे जोडही लांब केले. गाडी उंच झाली तसा ब्रेकचा रबरी पाईप पुरेना, तो बदलला. स्टेअरिंगचा दांडा वाकवून घेतला. धुराचा पाईप टपापर्यंत वर नेला. काम करायचं, गाडी भिंतीजवळ आणायची, रेघ बघायची, परत खाली शिरायचं. ताईनं जेवायला हाक मारली तरी खालूनच हुंकार येई. एकदा ती मला म्हणाली, "तुहे भाऊजी घरात राहून नाई रायले रे, गाडीखाली राहून रायले."

अखेर इंजिन रेघेच्या वर गेलं. गावानं जीपचं नाव उंट ठेवलं. बायकांना चढायला लाकडी घडवंची ठेवावी लागे, म्हाताऱ्या चढताना देवाचं नाव घेत. पण उंट नाला ओलांडायचा. पाण्याची ओढ लागू नये म्हणून भाऊजी काठावर दगडांचा ढीग ठेवत आणि ओलांडण्याआधी ते जीपच्या तळाशी भरत. आजारी माणसं, अडलेल्या बायका त्यांनी पलीकडं पोचवल्या, हे मी नाकारत नाही.

कोरड्या वाटेवर मात्र उंट असा हेलकावे खाई की पोटातलं पाणी हलावं. भाऊजींना ते पक्कं ठाऊक होतं. म्हणून त्यांचा एक नियम होता, टपावर काही ठेवायचं नाही. एका मोठ्या शेतकऱ्याची आंब्यांनी भरलेली बांबूची डाल त्यांनी खाली उतरवून त्याच्याच मांडीवर ठेवली होती. तो फणफणला. भाऊजी म्हणाले, "आंबे वर गेले का आपून खाली जातो." पवनीपर्यंत तो बिचारा डाल कवटाळून बसला.

काही वर्षांनी ताईला पुन्हा दिवस गेले. पावसाळ्याआधी तिला माहेरी न्यायला मी गेलो. ताईचं मन होतं, तिच्या तोंडावरच दिसत होतं. भाऊजी म्हणाले, "काहून? गाडी हाय ना." मला असा संताप आला, पण जावयापुढं काय बोलणार? दिवस भरत आले तेव्हा मीच तिच्याकडं जाऊन राहिलो.

ताईला कळा लागल्या त्या दिवशी पूर इतका होता की काठावरचे दगड वाहून गेले होते. आसगावच्या गिरणीवर धान न्यायला निघालेली सोमाजींची बैलबंडी तिथंच अडकली होती. सोमाजी धावत आले आणि वजनाला आपली पोती देऊ केली. ती चढवलीही त्यांनीच, टपावर. खाली पाणी शिरणार होतं, आणि धान भिजू द्यायचं नाही हे आमच्याकडं कुणाला शिकवावं लागत नाही. भाऊजींनी वर पाहिलं. मग ताईकडं पाहिलं. "पार गेल्यावर उतरवू," म्हणाले.

उंट पार झाला. पाणी इंजिनाला शिवलंसुद्धा नाही. इतक्या वर्षांत भाऊजींना मी पहिल्यांदा हसताना पाहिलं. त्यांनी पोती उतरवायला गाडी हळू केली, तेव्हा मागून ताई विव्हळली, "अजी, थांबू नोका." ते थांबले नाहीत. पुढं तलावाच्या उंच पाळीवर वळणाशी एक चाक मऊ मातीत रुतलं आणि जीप कलंडून खालच्या धानाच्या बांधीत गेली. माझा हात मोडला. भाऊजींना खरचटलं. ताई तिथंच गेली, पोटातलं बाळही.

बाबांनी विचारलं तेव्हा भाऊजी एवढंच म्हणाले, "गाडी मीच उंच केली होती." पोत्यांचं नाव त्यांनी ना पोलिसांपुढं घेतलं ना आमच्यापुढं. मी त्यांच्याशी बोलणं टाकलं. गाडीच्या नादात माझी बहीण घालवली, असं मला वाटे, आणि आजही थोडं वाटतं. त्यांनी लांब पट्टे काढले, जुन्या कमानी बसवल्या आणि पूर आला की इतरांसारखे नाल्याच्या अलीकडं थांबू लागले.

ताईच्या नावच्या एका कागदावर त्यांची सही हवी होती म्हणून पुढं एका पावसाळ्यात मला जावं लागलं. मी ओसरीवर बसलो होतो. सोमाजी येऊन फाटकाशी उभे राहिले. त्यांची सून अडली होती आणि नाला भरला होता. ते फाटकाच्या आत येईनात. भाऊजी उठले, आतून ताईची बाज बाहेर काढली.

नाल्यावर चौघांनी बाज उचलली. "सोमाजी, तू वरच्या अंगानं धर," भाऊजी म्हणाले. "खोल पाण्यात मी रायतो." पाणी त्यांच्या हनुवटीला लागत होतं, बाज धरलेले हात डोक्यावर होते, पण बाज कलली नाही. सून पवनीला पोचली. मुलगा झाला, दोघंही सुखरूप.

भाऊजी परत आले तेव्हा मी तिथंच होतो. त्यांनी बाज वाळायला भिंतीला उभी केली. तिच्यामागं ती चुन्याची रेघ झाकली गेली. इतक्या वर्षांत मी पहिल्यांदा त्यांना पाणी दिलं. तांब्या हातात धरून ते ओसरीवर बसले आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "बाज तं तवाबी घरातच होती, बाबू."