शेजारणीचं शेल्फ आणि माझा ब्राउन पेपर

मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघांनी मला विचारलंत, "आजी, तू हिप्पी होतीस का?" तुमच्या आईने जुने फोटो दाखवले होते म्हणे. त्यातल्या एकात मी एका अनवाणी, केस मोकळे सोडलेल्या गोऱ्या मुलीच्या खांद्यावर हात टाकून उभी आहे. तुम्ही इतक्या आशेने विचारलंत, की क्षणभर मला 'हो' म्हणावंसं वाटलं. पण फोटो नीट पाहा. इस्त्रीची साडी, घट्ट वेणी, हातात पर्स आणि पर्सवर घडी केलेला रुमाल. हिप्पी माणसं रुमालाची घडी करत नसत.

हिप्पी होती ती शेजारची. ती अजूनही माझ्या शेजारीच राहते, आणि या वसंतात तिचं आयुष्यभराचं एक काम माझ्या हातून बुडता बुडता राहिलं. तुम्ही तिकडे पुण्यात बसून माझ्याकडून इतिहास ऐकू पाहताय, तर तो याच हकिकतीतून सांगते.

आम्ही न्यू जर्सीत आलो तेव्हा कॅलेंडरवर साठचं दशक संपलं होतं, पण शेजारच्या घरापर्यंत ती बातमी पोचली नव्हती. मी इंग्रजी शाळेत शिकलेली. परदेशातली माणसं हातमोजे घालून एकमेकांना 'गुड आफ्टरनून' म्हणत असतील अशी माझी पक्की समजूत. शेजारी पाहते तर दाढीवाले तरुण, अनवाणी मुली आणि अंगणात वाळत घातलेले रंगीबेरंगी शर्ट. त्या घरात कोण कोणाचं कोण, हे आजोबांनी बरेच दिवस जुळवून पाहिलं आणि मग नाद सोडला.

शेजारीण पहिल्यांदा आली ती ध्यान शिकवशील का विचारायला. मला येत नाही म्हटलं.

"मग उपवास? तुमच्याकडे उपवास करतात ना?"

"करतो. चतुर्थीला साबुदाण्याची खिचडी खातो, वर दाण्याचा लाडू."

तिचा चेहरा पडला. तिला माझ्याकडून मोक्ष हवा होता आणि मला तिच्याकडून ड्रायव्हिंग. शेवटी मी शाळेच्या ड्रिलमध्ये शिकलेलं पद्मासन तिला गंभीर चेहऱ्याने शिकवलं आणि तिने मला तिच्या खटारा गाडीत बसवलं. आजोबा खिडकीतून बघत होते. संध्याकाळी म्हणाले, "अगं, तिच्या पायात चप्पल नाही. ती ब्रेक कशाने दाबते?"

"पायाने," मी म्हटलं.

आम्ही त्या मंडळींना खूप हसायचो. शनिवारी जेवायला जमलं की पुरुष त्यांच्या केसांच्या नकला करायचे. पण माझ्या नावावर क्रेडिट कार्ड मागायला मी बँकेत गेले, तेव्हा समोरच्या माणसाने नवऱ्याची सही मागितली. मी मुकाट्याने परत आले. शेजारीण मात्र बोर्ड रंगवून भर थंडीत कुठल्या कुठल्या इमारतींसमोर उभी राहायची. पुढे कायदा बदलला आणि कार्ड माझ्या एकटीच्या सहीवर मिळालं. आमच्यासारख्यांना या देशात यायचं दारही त्याच वर्षांच्या धामधुमीत रुंद झालं होतं. म्हणजे आम्ही त्या लोकांना हसत होतो, ते त्यांच्याच माणसांनी उघडलेल्या दारात उभं राहून.

गावच्या लायब्ररीत खिडकीजवळचं एक शेल्फ तिने मागून घेतलं. त्याला सगळे 'बायकांचं शेल्फ' म्हणायचे. बाईचं शरीर, बाळंतपण, लग्न, लग्न मोडणं, वकिलाकडे जाताना काय विचारायचं, अशी पुस्तकं. तुमची आई पोटात होती तेव्हा मला इंग्लंडचे राजे क्रमाने सांगता येत होते, पण स्वतःच्या पोटात काय चाललंय याचा पत्ता नव्हता. पुण्याहून आई पत्रात लिहायची, 'जपून राहा.' कशाला जपायचं ते लिहायची नाही. मी त्या शेल्फपाशी उभ्या उभ्या वाचलं. घरी न्यायची लाज वाटायची. पुढच्या तपासणीला डॉक्टरांना प्रश्न विचारला, तर ते आजोबांकडे बघून उत्तर द्यायला लागले. मी म्हटलं, "डॉक्टर, पोट इकडे आहे."

आजोबांना ठसका लागला होता. हे वाक्य मी त्या शेल्फपाशी शिकले, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

मग पुष्कळ वर्षं गेली. शेजारीण आता बूट घालते. गुडघ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलंय. त्या घरातल्या दाढ्यांपैकी एक घरं विकण्याच्या धंद्यात गेली. दुसरी आज आमच्या लायब्ररीच्या कमिटीची अध्यक्ष आहे, म्हणजे दाढी गेली, तिचा मालक आहे. पूर्वी 'कोणी कोणाला काही सांगू नये' असं म्हणणारा हा गृहस्थ हल्ली 'कुठेतरी मर्यादा हवी' असं म्हणतो. तो एकटा नाही. सगळ्या देशातच तसा वारा आहे. स्वातंत्र्य एकदा घरात आलं की खुर्चीसारखं होतं, त्याकडे कोणी बघत नाही. कोणी ती उचलून न्यायला लागलं की मगच कळतं, आपण इतका वेळ तिच्यावरच बसलो होतो.

शेल्फविरुद्ध तक्रार आली ती मात्र कुठल्या गोऱ्या माणसाकडून नाही. ती आपल्याच नागपूरच्या एका मुलीने केली. आमच्या गल्लीच्या टोकाला राहते, कॉम्प्युटरमध्ये नोकरी, स्वभावाने लाघवी, माझ्याकडून गोडा मसाला नेते. तिच्या तेरा वर्षांच्या लेकीने त्या शेल्फवरचं पुस्तक घरी आणलं होतं.

"काकू, त्यात चित्रं आहेत हो! लेबल लावलेली!" ती माझ्या स्वयंपाकघरात बसून म्हणाली.

"मग बिनलेबलाची हवी होती का?"

"काकू, जोक नका करू ना प्लीज. मी काय चूक करून राहिली का? तिने मला विचारायला पाहिजे. मला! पुस्तकाला कशाला विचारते?"

"तू तुझ्या आईला विचारलं होतंस?"

"बाप्पा! चप्पल फेकली असती तिने."

यावर आम्ही दोघी हसलो, पण तक्रार तिने मागे घेतली नाही. तिचं म्हणणं मला अगदीच खोटं वाटलं नाही, हेही सांगते. कमिटीपुढे प्रस्ताव होता, की ते शेल्फ उचलून मागच्या खोलीत न्यायचं आणि कुलूप लावायचं. ज्याला हवं त्याने काउंटरवर किल्ली मागायची, आणि मुलांनी आईबापांची सही आणायची.

शेजारणीने हे ऐकलं आणि ती माझ्या सोफ्यावर येऊन बसली. (ती इंग्रजीतच बोलते, मी तिला मराठीत आणते आहे.) "किल्ली मागून वाचायचं असतं तर मी ते खिडकीपाशी कशाला मांडलं असतं? खरं सांग, तेव्हा तू किल्ली मागितली असतीस?"

नसती मागितली. तुमची आई जन्मली असती, पण मी अडाण्यासारखी आडवी पडून राहिले असते. म्हणून माझ्या मनाने घेतलं, की हे शेल्फ वाचवायचं.

आता माझी अक्कल पाहा. मंगळवारी मी लायब्ररीत फाटकी पुस्तकं चिकटवायला जाते. कमिटीची माणसं सभेच्या आधी शेल्फ बघायला येणार होती. मी पाहिलं, तर पुस्तकांची दशा झालेली. कोपरे दुमडलेले, पुठ्ठे निघालेले, एकावर कॉफीचा डाग. असं शेल्फ बघून कुणालाही अडगळीत टाकावंसंच वाटेल. पाहुणे येणार म्हटल्यावर आपण काय करतो? टापटीप करतो. आणि पुस्तकांची टापटीप म्हणजे काय, हे जूनमध्ये शाळा उघडताना तुमची आई तुमच्याकडून करवून घेते तेच. मी आजोबांना आयसेलिनच्या देशी बाजारात पिटाळलं. तिथल्या एका दुकानात आपल्याकडचे ब्राउन पेपरचे रोल आणि शाळेची लेबलंही मिळतात. आजोबांनी कापायचं, मी घड्या घालायच्या. पाठीला चीर देऊन कागद आत सरकवायचा, कोपरा त्रिकोणी दुमडायचा, नखाने दाबायचा. लेबलावर वळणदार अक्षरात नाव. सोमवारी सगळं शेल्फ एका वर्गासारखं ताठ उभं राहिलं. मी दोन पावलं मागे जाऊन पाहिलं आणि मला फार धन्य वाटलं.

शेजारीण आली, पाहिलं आणि पांढरी पडली.

"तू त्यांना ब्राउन पेपरमध्ये गुंडाळलंस?"

"सुंदर दिसतात ना?"

"अगं, या देशात ब्राउन पेपरमध्ये काय गुंडाळतात माहीत आहे का? घाणेरडी मासिकं! टपालाने येणारी! शेजाऱ्यांना दिसू नयेत म्हणून!" मग आवाज खाली आणून ती म्हणाली, "इतकी वर्षं मी लोकांना सांगत आले, की यात लपवण्यासारखं काही नाही. आणि तूच लपवलंस."

इथे इतकी वर्षं काढून मला हे माहीत नव्हतं. मला कोण सांगणार? आमच्याकडे तसली मासिकं टपालाने येत नसत. (घरी सांगितलं, तेव्हा आजोबांनी ही गोष्ट आधीच ठाऊक असल्यासारखी मान हलवली. कसं ठाऊक, असं मी विचारलं. ते बागेत पाणी घालायला गेले.)

मी कव्हरं काढायला हात घातला, तेवढ्यात नागपूरकरीण आली आणि तिने मला मिठीच मारली. "काकू! मला माहीत होतं, तुम्ही आपल्याच बाजूच्या आहात. किती डिसेंट केलंत!"

शेजारीण पाठ फिरवून निघून गेली. आमच्यात एवढ्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

त्याहून मोठी गंमत पुढेच झाली. शाळा सुटल्यावर मुलं आली. खिडकीजवळची ती पुस्तकं इतकी वर्षं त्यांना दिसत होती, कोणी ढुंकून बघत नव्हतं. आता मात्र शेल्फभोवती गर्दी. काउंटरवरची बाई नोंदी करता करता थकली. कमिटी पाहणीला आली तेव्हा शेल्फवर बाळाच्या मालिशवरचं एक पुस्तक तेवढं उरलं होतं, आणि त्याच्याकडेही एक मुलगा संशयाने बघत होता.

सभेला खोली भरली होती. माझी कव्हरं म्हणजे कुलपाच्या बाजूचा पुरावा झाली होती. अध्यक्ष म्हणाले, "आमच्या सर्वांत ज्येष्ठ स्वयंसेविकेलाही ही पुस्तकं झाकावीशी वाटली, यातच सगळं आलं." शेजारीण पुढच्या रांगेत, माझ्याकडे पाठ करून बसलेली. मी उभी राहिले. भाषण लिहून नेलं होतं. चष्मा घरी राहिला होता.

"मी ती झाकली नाहीत," मी म्हटलं. "आम्ही ज्या पुस्तकांना जपतो त्यांना कव्हर घालतो. भूगोलाला घालतो, गणिताला घालतो. विश्वास नसेल तर यांना विचारा." आणि मी तक्रार करणारीकडेच बोट केलं.

ती गडबडली. अध्यक्ष म्हणाले, "हे खरं आहे?"

"हो, म्हणजे... इट्स ट्रू," ती म्हणाली. "जूनमध्ये. माझी आई घालायची. आम्ही पुस्तकाला पाय लागला तर नमस्कार करतो." मग तिला हसू आवरेना. "सॉरी काकू. मला वाटलं, तुम्ही... म्हणजे मीही ते कव्हर इथल्यासारखंच बघून राहिली होती, लपवायचं म्हणून!"

सगळी खोली हसली. शेजारणीचे खांदे हलताना मला मागून दिसले.

मी म्हटलं, "माझ्या आईनेही मला काही सांगितलं नाही, कारण तिला कोणी सांगितलं नव्हतं. मी त्या शेल्फपाशी उभी राहून शिकले. किल्ली मागायची असती, तर मी मागितली नसती. मी फार शिस्तीची मुलगी होते. कुलूप माझ्यासारख्या मुलींनाच अडवतं. बेशिस्त मुलं कुठूनही शिकतात."

अध्यक्षांनी घसा खाकरला. ते त्या जुन्या घरात कुठून काय शिकले, हे शेजारणीला माहीत होतं, आणि ती त्यांच्याकडे टक लावून बघत होती. मतं पडली आणि एका मताने कुलूप हरलं. शेल्फ खिडकीपाशी राहिलं. बाहेर बर्फ उरलेल्या पार्किंगमध्ये शेजारणीने माझा हात धरला आणि म्हणाली, "कव्हरं काढणार आहेस ना?" मी म्हटलं, "मुलं परत करतील तेव्हा." आम्ही बरोबरच घरी गेलो. गाडी मी चालवली.

लायब्ररीविरुद्धचा वारा एवढ्याने पडला, असं मी म्हणणार नाही. पलीकडच्या गावात अशीच सभा लागली आहे, आणि तिथे कोणाची काकू नाही.

पण परवाच्या मंगळवारी मी डिंकाची बाटली घेऊन बसले होते, तर नागपूरकरीण आली, एकटीच. शेल्फपाशी रेंगाळली. लेबलवाल्या चित्रांचं तेच पुस्तक तिने काढलं आणि पर्सच्या आड धरून माझ्याजवळ आली.

"काकू, हे मी नेते. तिच्यासाठी नाही, माझ्यासाठी. उद्या ती मला विचारेल, तेव्हा मला यायला पाहिजे ना?"

"ने की," मी म्हटलं.

ती तिथेच उभी राहिली. "काकू, मी एक मिनिट इथंच बघू का? तुम्ही जरा तिकडे तोंड करा ना."

मी खिडकीकडे तोंड केलं. मागे पानं उलटायचा आवाज येत होता, आणि मग एकदम हलकंच, "बाप्पा! असं असतं होय हे!"