भरिताची मुसळी

वडील गेल्यावर धाकट्या भावाने माझ्यापुढे हक्कसोडीचा कागद ठेवला. बहिणीने सही करायची आणि शेत भावाचं, हा आमच्या जळगावकडचा रिवाज. माझं डोकंच सटकलं. सही तर केली नाहीच, वर भरीत ठेचायची सागाची मुसळी उचलली आणि माझ्या घरी जायला धुळ्याच्या एसटीत बसले. कंडक्टर म्हणाला, "ताई, भांडून निघालात वाटतं?" मी म्हटलं, "मग काय हवा खायला निघाले?"

भरीत ठेचायचं खोलगट लाकडी भांडं, म्हणजे बडगी, भावाकडेच राहिली. दोन वर्षं आम्ही बोललो नाही. दोघांच्याही घरी मिक्सरमधलं भरीत व्हायचं. त्याला भरीत म्हणायचं तर म्हणा.

या हिवाळ्यात त्याचा फोन आला. "अक्का, शेतमा भरीत शे. मुसळी लई ये." मुसळी घेऊन ये, एवढंच. मी साडीसुद्धा न बदलता निघाले.

शेतात कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजून झाली होती. त्याने बडगी दोन्ही हातांनी घट्ट धरली आणि मी ठेचायला लागले. भावजय हिरव्या मिरच्या टाकत होती, हसत होती. जेवताना तो खाली मान घालून म्हणाला, "पुढला आठवडाले तलाठीकडे जाऊत. सातबारावर तुनं नाव लाई देऊत."

मी आणखी एक भाकरी घेतली.

निघताना त्याने बडगीच माझ्या हातात दिली. "ने, जोडी ऱ्हाऊ दे."

मी ती त्याच्यापुढे परत ठेवली आणि मुसळी काखोटीला मारली. "दोन्ही मन्हाकडे ऱ्हायन्यात, तं मग माले बलावशी कसाले?"