पडद्यापलीकडचा मुलूख

तात्यांनी उभ्या आयुष्यात एकदाही व्हिडिओ गेम खेळला नाही. पण परभणीच्या स्टँडसमोरच्या त्या गेमच्या दुकानात त्यांच्याइतका वेळ दुसऱ्या कुणी काढला असेल, असं मला वाटत नाही. दुपारची सुट्टी झाली की डबा कसाबसा उरकायचा, टोपी सारखी करायची आणि निघायचं. दुकानात खेळणाऱ्या पोरांच्या पाठीमागं हात बांधून उभे राहायचे. पडद्यावरचा माणूस धावतोय, उड्या मारतोय, गोळ्या झाडतोय, आणि तात्यांचं त्याच्याकडं लक्षच नाही. त्यांची नजर पडद्याच्या उजव्या कडेला, जिथं चित्र संपतं तिथं लागलेली असायची.

"थांब रे जरा. त्या पडक्या भिंतीच्या मागं काय हाय?"

"मागं काय नसतंय काका. नुसतं पुढं जायचं असतंय."

"अन् हुकूमत कुणाची हाय हितं?"

पोरं कपाळावर हात मारून घ्यायची. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मीही मारून घेतला होता.

मी पाटबंधारे खात्याच्या कार्यालयात आवक-जावक सांभाळायचो आणि तात्या तिथं ट्रेसर होते. मूळ नकाशावर पारदर्शक कापड ताणायचं आणि शाईनं त्याची हुबेहूब नक्कल उतरवायची, हे त्यांचं काम. कालवा, चाऱ्या, शिवारं, गावठाणं, सगळं त्यांच्या हाताखालून गेलेलं. नाव दिगंबर, पण मोठ्या साहेबापासून शिपायापर्यंत सगळे तात्याच म्हणत. राणीसावरगावच्या पलीकडं, डोंगराच्या अंगाला त्यांचं गाव. गावाचं नाव मी मुद्दामच सांगत नाही. घरची जमीन मोठी, गावात धाकट्या भावाचा शब्द चालायचा. तात्या मात्र नकाशांत रमलेले. त्यांचा एक ठरलेला सिद्धांत होता, "मुलूख म्हणलं की मालक आला. मालक आला की सरहद्द आली. अन् सरहद्द आली की भांडण चुकत न्हाई."

आता त्या गेमविषयी सांगायला हवं. अणुबॉम्ब पडून गेलाय, शहर जळून गेलंय, आणि एकटा माणूस त्या राखेतून उजवीकडं चालत निघालाय, एवढीच त्याची गोष्ट. पण त्यात आभाळ मोठं विलक्षण होतं. नारिंगी, थोडं जांभळं, कधीच रात्र न होणारं. त्याखाली मोडके पूल, वाकलेले खांब, लांबवर एखादा दिवा. बाहेर स्टँडवर टळटळीत ऊन, कंडक्टरांचा ओरडा, आणि आत पडदा लावून केलेला अंधार. त्या अंधारात उभं राहिलं की, खोटं कशाला बोलू, माझ्यासारख्या रुक्ष माणसालाही कुठंतरी लांब गेल्यासारखं वाटायचं.

मी चौकस आहे. लोक भोचक म्हणतात, म्हणोत. तात्या रोज का जातात हे बघायला मी त्यांच्याबरोबर जाऊ लागलो, आणि एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. दुकानाचा मालक नामदेव सगळ्या गिऱ्हाइकांशी हसूनखेळून बोलायचा. कुणाला चहा मागवायचा, कुणाची थट्टा करायचा. तात्यांशी मात्र नाही. त्यांच्याकडं बघायचा देखील नाही. फारच झालं तर म्हणायचा, "बाजूला व्हा साहेब, उजेड अडायलाय."

परत येताना मी विचारलं. तात्यांनी टोपी सारखी केली. मग म्हणाले, "एका वर्गात होतो आमी. दिगू म्हणायचा मला. आता साहेब म्हणतोय."

"का बरं?"

"अठ्ठ्याहत्तर साल."

आमच्याकडच्या माणसाला एवढं पुरतं. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि गावोगावी जे झालं, ते परभणी जिल्ह्यातही झालं. तात्यांच्या गावात नामदेवची वस्ती पेटवली. पेटवणाऱ्यांत तात्यांचा धाकटा भाऊ होता. नामदेवचं घर गेलं. अंगावरच्या कपड्यांनिशी आईला घेऊन तो परभणीला आला, रेडिओ दुरुस्ती शिकला, मग टीव्ही, मग हे दुकान. गावात पुन्हा पाऊल ठेवलं नाही. "अन् मी घराच्या माळवदावर उभा होतो," तात्या म्हणाले. "उतरलो न्हाई."

"मग हे त्याला सांगा की सरळ."

"काय सांगू? कुठल्या तोंडानं? त्या टीव्हीतल्या मुलखाबद्दल तरी बोलता येतंय. कवातरी वळून उत्तर देईल."

माणूस वेडा असतो म्हणतात तो असा. पण उत्तर आलं! एका दुपारी दुकानात खेळायला कुणी नव्हतं. गेम आपला आपणच चालू होता. तात्यांनी सवयीनं विचारलं, "त्या पुलाच्या पलीकडं हुकूमत कुणाची असंल?" आणि सोल्डरिंग करता करता, मान वर न करता नामदेव म्हणाला, "ताडकळसवाल्यांची."

तात्या पडदा सोडून काउंटरकडं वळले. "कशावरनं?"

"बॉम्ब पडू द्या न्हाई तर आभाळ पडू द्या, ताडकळसचा बाजार मोडत नसतोय. ज्याच्या हातात बाजार, त्याची हुकूमत."

"मग पेडगाव गप बसंल व्हय? रेल्वेचं रूळ त्यांच्या हातात हायत."

"डिझेल कुठनं आणतेत?"

"बैलं जुपतेत डब्याला!"

नामदेवला हसू आलं. त्यानं ते दाबलं, पण मी पाहिलं.

त्यानंतरचे महिने मी विसरू शकत नाही. रोज दुपारी आमच्या जिल्ह्यावर बॉम्ब पडून गेलेला असायचा. पेडगावात स्टेशनमास्तरचं घराणं राज्य करायचं, लाल आणि हिरव्या झेंडीवर त्यांचा कारभार चालायचा. खिल्लारी बैल जुंपलेले डबे रुळांवरून सावकाश यायचे, त्यांच्या घुंगरांचा आवाज मैलभर आधी ऐकू यायचा. ताडकळसच्या वेशीत शिरताना हत्यार काढून ठेवावं लागे. मीठ फक्त त्यांच्याकडं मिळायचं. आणि दक्षिणेला डोंगरात राणीसावरगावकर. त्यांनी ज्वारीचं चांगलं बियाणं जपून ठेवलेलं, म्हणून दोन्ही राज्यं त्यांना वचकून असत. खुद्द परभणीत माणूस नव्हता, नुसते मोर. कचेऱ्यांतून मोर हिंडायचे. माझ्या टेबलाखाली लांडोरीनं अंडी घातली आहेत असं नामदेवनं ठरवून टाकलं, तेव्हा मी रागावलो होतो. आवक-जावक कुणी बघायची मग?

तात्या पेडगावचे वकील, नामदेव ताडकळसचा. मिठावरून लढाई झाली, डबे अडवले गेले, दुधना नदीकाठी फौजा येऊन बसल्या. शेवटी तह झाला, त्या दिवशी नामदेवनं पोऱ्याला हाक मारून दोन चहा सांगितले. मला नाही, फक्त दोन. एक स्वतःला आणि एक तात्यांना. मी उगाच बाहेर जाऊन बसच्या पाट्या वाचत उभा राहिलो.

फक्त एक जागा त्या मुलखात मोकळी होती. तात्यांनी एकदा भीत भीत विचारलं, "अन् आपलं गाव?"

नामदेवनं हातातलं काम ठेवलं. "तिथं बॉम्ब सरळ पडला. किरणं हायत तिथं. कुणाची हुकूमत न्हाई अन् कुणी जात न्हाई."

"किती साल राहतेत किरणं?"

"कॅसेटच्या खोक्यावर लिव्हलेलं न्हाई."

इथंच थांबायचं होतं तात्यांनी. पण ट्रेसरचा हात! त्यांनी त्या सगळ्या मुलखाचा नकाशा काढायला घेतला. ऑफिसातलं उरलंसुरलं कापड, चांगली काळी शाई. नद्या, रूळ, डोंगर, तिन्ही राज्यांच्या सरहद्दी. असा नकाशा मी आमच्या कार्यालयात पाहिला नव्हता. बघता बघता वाटायचं, हे सगळं खरंच कुठंतरी आहे आणि आपणच तिथून हद्दपार होऊन आलोय. मोकळी जागा त्यांना बघवली नसावी. त्यांनी गावही भरलं. "नामदेवला भेट द्यायचीय," म्हणाले. लहान लेकरागत खुशीत होते.

नामदेवनं नकाशा काउंटरवर पसरला. बोट रुळावरून फिरलं, ताडकळसच्या बाजारावर थांबलं, "वा!" म्हणाला. मग बोट डोंगराकडं सरकलं आणि आपल्या गावावर आलं. तिथं ते बराच वेळ राहिलं.

"साहेब," तो शांतपणे म्हणाला, "बॉम्ब पडला. समदं जळालं. माणूस राहिला न्हाई, देव राहिला न्हाई, सरकार राहिलं न्हाई. अन् आमची वस्ती पुन्हा गावाच्या बाहेरच काढली तुमी? ओढ्याच्या खालच्या अंगाला?"

मी वाकून पाहिलं. गावठाणाचे ठिपके एकीकडं दाट, आणि ओढ्याखाली, वेगळे, थोडेसे ठिपके. नुसतं त्याच गावात नाही, नकाशावरच्या प्रत्येक गावात तसंच. तात्यांनी ठरवून काढलं नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. जन्मभर गावं अशीच उतरवली, हात आपसूक तिकडं गेला. पण तेच तर नामदेव म्हणत होता. मलाही ते आधी दिसलं नव्हतं, आणि मी तो नकाशा आठवडाभर कौतुकानं बघत होतो.

तात्या नकाशा गुंडाळून निघून आले. पुढं कित्येक दिवस दुपारी टेबलावरच बसून असायचे. शाई काढायला ट्रेसर दाढीचं पातं वापरतात. तसं पातं घेऊन ते एकेक गाव खरवडत होते. ओठ घट्ट मिटलेले. मी म्हणालो, "अहो, नवीन काढा की." तर खेकसले, "तू तुझी टपालं बघ!"

खरवडलेला नकाशा घेऊन ते पुन्हा दुकानात गेले. मी मागं होतोच. नामदेवनं कापड ट्यूबलाइटसमोर धरलं. खरवडलेली जागा पातळ होते, उजेडात लगेच दिसते. प्रत्येक गावाखाली एकेक फिकट डाग.

"खोडलं म्हणजे जातंय व्हय साहेब? शाई निघाली. डाग दिसायलाच की."

तेव्हा तात्या बोलले. इतक्या वर्षांचं तुंबलेलं एका दमात बाहेर आलं. "मी माळवदावर होतो नामदेव. तुमचं घर पेटलेलं दिसत होतं मला. आपला भाऊ हाय त्यांच्यात हेबी म्हाईत होतं. मी उतरलो न्हाई. भ्यालो. चुकलं माझं."

टीव्हीतला माणूस कुणी खेळवत नव्हतं, तो जागच्या जागी श्वास घेत उभा होता. नामदेवनं कापडाची नीट घडी केली.

"म्हाईत हाय," तो म्हणाला. "खालनं तुमी दिसत होता."

नामदेवनं नकाशा परत दिला नाही. काउंटरच्या मागं भिंतीला लावून टाकला, डागांसकट. त्यावर पुढं दोघांत कधी बोलणं झालं नाही. राज्यांचा कारभार मात्र पुन्हा सुरू झाला. तह मोडले, नवे झाले. मोरांनी परभणी सोडली नाही. आणि दर संक्रांतीला तात्या तिळगूळ घेऊन जायचे, नामदेवच्या हातावर ठेवायचे आणि विचारायचे, "किरणं गेली का?"

नामदेव तिळगूळ तोंडात टाकायचा. "अजून न्हाई साहेब."

मला एकदा चीड आली. म्हणालो, "तात्या, किती दिवस विचारणार?" ते म्हणाले, "विचारणं आपलं काम. सांगणं त्याचं. ते घाईनं मागायची चीज न्हाई बाबा."

चौऱ्याण्णवच्या संक्रांतीला नामांतर झालं. शहरात गुलाल, ढोल, निळे झेंडे. नामदेवनं दुकानात सगळ्यांना पेढे वाटले, पोरांना दिवसभर फुकट खेळू दिलं. तात्यांना चालवत नव्हतं. काविळीनं पोखरले होते, तरी माझा हात धरून आले. नामदेवनं स्वतःच्या हातानं त्यांना पेढा भरवला. तात्यांनी डोळे पुसून विचारलं, "आता तरी गेली असतील?"

नामदेवनं त्यांचा खांदा दाबला. "अजून न्हाई. पण कमी व्हायलीत."

तात्या उन्हाळ्यात गेले. त्यांच्या इच्छेप्रमाणं गावाकडं नेलं. निघताना मी दुकानात जाऊन सांगितलं. गेम चालू होता, नामदेव तो बघत बसला. मला राग आला, खरंच आला. मग वाटलं, आपल्याला काय अधिकार?

गावी सरण रचून झालं होतं. भाऊ मडकं खांद्यावर घेऊन उभा होता. तेवढ्यात माणसांत कुजबूज झाली. ओढ्याच्या खालच्या अंगाला, जिथं आता नुसत्या बाभळी होत्या, तिथं एक माणूस एकटाच उभा होता. जमिनीकडं बघत होता. बराच वेळ. कुणी हाक मारायला धजलं नाही. मग तो ओढा ओलांडून वर आला. लोक बाजूला झाले. तात्यांचा भाऊ खाली मान घालून मागं सरकला.

नामदेवनं चपला काढल्या, सरणाजवळ वाकला आणि तात्यांच्या कपाळावर हात ठेवला. मी अगदी जवळ होतो, म्हणून मला ऐकू आलं.

"दिगू," तो म्हणाला, "अजून हायत थोडी. पण आलो बघ."