द्वारकाआत्याच्या कपाळावरचं कुंकू

द्वारकाआत्या गेल्याची बातमी मला तिसरीच्या वर्गात कळली. फळ्यावर बेरजा लिहून मी मुलांकडे वळले, तर दारात शाळेचे शिपाई टोपी हातात घेऊन उभे. "बाई, घरी बोलावलंय. लगेच," एवढंच म्हणाले आणि त्यांनी मान खाली घातली... परळच्या शाळेपासून लालबागच्या आमच्या चाळीपर्यंत मी चालत आले की धावत, ते आठवत नाही. मिलमधली पहिली पाळी अर्ध्यावर टाकून आत्या घरी आली, "छातीत कळ येता" म्हणत खाटेवर बसली आणि शेजारीण पाणी घेऊन येईपर्यंत संपलीसुद्धा.

आज त्याला सव्वा महिना झाला. दिवस जातील तसं हलकं वाटेल, असं सगळे सांगतात. दुःखाचं मला माहीत नाही, पण माझा राग काही हलका होत नाही. ज्या माणसांविषयी लिहिणार आहे ती घरचीच आहेत आणि वर्तमानपत्राची ही पुरवणी त्यांच्याही घरी जाते, हे ठाऊक असून लिहिते आहे.

गिरगावहून मोठे काका आणि काकू येईपर्यंत मी आणि बाबा तिच्या उशाशी बसून होतो. बाबा तिचा धाकटा भाऊ, काका थोरला. काकूनं आल्याआल्या पदर खोचला आणि खोली ताब्यात घेतली. पिशवीतून हिरवं लुगडं काढलं, हिरव्या बांगड्या काढल्या, कुंकवाचा करंडा काढला. जमलेल्या बायकांना म्हणाली, "रडता कशाला? भाग्याची होती. नवऱ्याआधी, अहेव गेली. असं मरण मागून मिळत नाही."

अहेव! ज्या बाईला बावीस वर्षांपूर्वी नवऱ्यानं एका पत्र्याच्या ट्रंकेसह आमच्या दाराशी आणून सोडलं, तिचं हे भाग्य. मूल होत नाही, एवढाच तिचा गुन्हा. 'चार दिवस भावाकडे राहा' असं सांगून तो गेला आणि वर्षाच्या आत त्यानं दुसरं लग्न केलं. त्याच साली माझी आई वारली होती. मी सहा वर्षांची. आत्यानं ट्रंक खाटेखाली सरकवली, माझी वेणी घातली आणि पुढच्या महिन्यात मिलच्या वाइंडिंग खात्यात नाव लावलं. नवऱ्याच्या दुसऱ्या लग्नाची खबर आली त्या दिवशी तिनं कपाळावरचं कुंकू पुसलं, गळ्यातलं मंगळसूत्र काढून काकांच्या हातात दिलं आणि म्हणाली, "जेचां तेका पोचतां कर." त्यानंतर तिच्या कपाळाला मी कधी कुंकू पाहिलं नाही. नवीन माणसं तिला विधवा समजत. ती समजू द्यायची.

मी मास्तरीण झाले ती तिच्या त्या पाळ्यांवर. तरी तिला दुसऱ्याच्या उपकारात राहणारी बाई म्हणूनच आमच्या नातेवाइकांनी ओळखलं. गेल्या साली संयुक्त महाराष्ट्रासाठी बायकांचा मोर्चा निघाला, तेव्हा खात्यातल्या बायकांबरोबर तीही गेली. पकडली गेली, आठ दिवस तुरुंगात राहून आली. घरी आली त्या संध्याकाळी काका हजर. "चार लोकांत तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस," म्हणाले. आत्या तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "इतक्या वर्सांत गिरगावासून हय येवक तुका येळ गावलो नाय. आज बरो गावलो!" काका चहा न घेता गेले. त्यानंतर ते या घराची पायरी चढले ते थेट तिला पोचवायलाच.

काकूनं तिला हिरवं लुगडं नेसवलं. मी "नको" म्हटलं, कोणी ऐकलं नाही. मग काकूनं कनवटीच्या रुमालाची गाठ सोडली आणि त्यातून मंगळसूत्र काढलं. मी ओळखलं. बावीस वर्षांपूर्वी आत्यानं परत करायला दिलेलं तेच.

"हे तुमच्याकडे कसं?" मी विचारलं.

"कसं म्हणजे? जपून ठेवलं आम्ही," काकू म्हणाली. "बाईमाणूस रागात काहीही बोलतं. उद्या दोघांचं जुळलं असतं तर?"

म्हणजे ते पोचलंच नव्हतं. आपण त्या माणसाला मोकळं केलं, आपणही मोकळ्या झालो, या समजुतीवर आत्या बावीस वर्षं ताठ मानेनं जगली आणि गिरगावच्या एका कपाटात तिचं लग्न रुमालात बांधून ठेवलेलं होतं! काकूनं तिच्या कपाळावर रुपयाएवढं कुंकू लावलं. मी पदर ओला केला आणि ते पुसलं. काकूनं माझं मनगट पकडलं. "अवलक्षणी! अठ्ठावीस वर्षांची घोडी झालीस, आत्याच्या नादानं बिनलग्नाची राहिलीस. तुला काय कळणार अहेवपण?" आणि पुन्हा कुंकू लावलं, आधीपेक्षा मोठं. मी बाबांकडे पाहिलं. बाबा जमिनीच्या फरशीकडे पाहत होते.

थोड्या वेळानं तो आला. तिचा नवरा. दादरला बिऱ्हाड आहे त्याचं. धुतलेला कोट, काळी टोपी. काकांनी निरोप धाडला होता म्हणे. काकांनी त्याला मिठी मारली, "भावोजी, तुमचाच हक्क" म्हणाले आणि लोकांनी बाजूला होऊन वाट दिली. तो तिच्या पायाशी उभा राहिला, उपरण्यानं डोळे पुसले आणि म्हणाला, "माझ्या हातून अग्नी मिळतोय. सोनं झालं तिचं." मागून कोणीतरी बाई हळहळली, "पोटी पोर नाही, रडायला तरी कोण आहे तिच्यामागे?" आत्याचं डोकं तेव्हा माझ्या मांडीवर होतं...

वाइंडिंग खात्यातल्या बायका तेवढ्यात आल्या. दुसऱ्या पाळीच्या काही जणी खाडा करून आलेल्या, पहिल्या पाळीच्या घरी न जाता मिलच्या फाटकावरूनच आलेल्या. केसांत कापसाचे तंतू तसेच. पुढे काशीबाई होत्या. अठरा वर्षं आत्याच्या शेजारच्या साच्यावर काम केलेल्या, मोर्चात तिच्याबरोबर पकडल्या गेलेल्या. हातात अबोलीची वेणी. उंबऱ्यात थबकून त्यांनी आत्याकडे पाहिलं आणि विचारलं, "हे कुंकू कुणी लावलं तिला? तिला चालायचं न्हाई ते."

काकूनं काशीबाईंना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. त्या चिंचपोकळीच्या कुठल्या चाळीतल्या, हे तिला कोणीतरी कानात सांगितलं असावं. काशीबाई आता बौद्ध झाल्या होत्या. काकूच्या लेखी त्यानं काही बदललं नव्हतं. तिनं दाराजवळची पाण्याची कळशी पायानं आत सरकवली. "बाहेरूनच बघ बाई. पाणी भरलेलं आहे."

"एका डब्यात जेवलो आमी अठरा वर्सं," काशीबाई म्हणाल्या.

"ते मिलमध्ये. हे घर आहे."

मी उठून दारात गेले, काशीबाईंचा हात धरला. त्यांनी तो सोडवून घेतला. वेणी माझ्या हातात ठेवली, म्हणाल्या, "मयत हाय घरात. आज तमाशा नको. तिला घाल ही." आणि बायकांना घेऊन त्या जिना उतरल्या. मी वेणी आत्याच्या केसांत माळली. तिला उचलायच्या आधी काकूनं तिच्या गळ्यातलं मंगळसूत्र काढलं आणि पुन्हा रुमालात बांधलं. चितेवर सोनं कशाला, म्हणाली. कुंकू मात्र राहिलं. पुरुष तिला घेऊन गेले, अग्नी त्यानं दिला. बाराव्याचं जेवणही दादरला, त्याच्या घरी झालं. मी गेले नाही. बाबा गेले.

ते परत आले तेव्हा इतके दिवस तुंबलेलं माझ्या तोंडून बाहेर पडलं. "तुम्ही का बोलला नाहीत? तुम्हाला सगळं ठाऊक होतं. एक शब्द, बाबा!"

"मढ्यासमोर भांडण नको म्हणून..."

"मढं तुमच्या बहिणीचं होतं. तिच्या बाजूचं तुमच्याशिवाय कोण होतं तिथे?"

चार दिवस आम्ही एकमेकांशी धड बोललो नाही. माझा काकांवर, काकूवर राग आहेच, पण त्यांच्याकडून मी वेगळी अपेक्षा केव्हा केली होती? बाबांवरचा राग गिळता येत नव्हता. रविवारी सकाळी त्यांनी टोपी घातली आणि म्हणाले, "चिंचपोकळीला जाऊन येऊ. चल."

काशीबाईंनी आम्हाला खोलीत बसवलं. बाबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "त्या दिवशी मी बोलायला हवं होतं."

काशीबाई 'जाऊ दे' म्हणतील असं मला वाटलं. बाबांनाही वाटलं असावं. त्या म्हणाल्या, "व्हय दादा. हवं होतं." आणि पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढे ठेवला. बाबांनी तो उचलला आणि पाणी प्यायले.

निघताना काशीबाईंनी फळीवरून आत्याचं मिलमधलं सामान काढलं. जर्मनचा डबा, फणी, आणि मुलांची असते तशी एक चौकडीची वही. मी वही उघडली. पानंच्या पानं एकच नाव गिरवलेलं. 'द्वारका सखाराम'. सखाराम म्हणजे माझे आजोबा. नवऱ्याचं नाव कुठेच नव्हतं. पहिल्या पानांवर 'द्वा' सगळीकडे मोडलेला, द एकीकडे, व दुसरीकडे. मग हळूहळू जोडत आलेला.

"तुरुंगात नावापुढं अंगठा उठवायला लावला," काशीबाई सांगू लागल्या. "लई लागलं तिला ते. माझी सून चौथी शिकलीय, ती अक्षरं काढून द्यायची. सुट्टीत आमी दोघी गिरवायचो, आधी तिचं नाव. पुन्हा पकडलं तर सही करायची, म्हणायची."

"मला का नाही सांगितलं?" मी विचारलं. रोज पन्नास मुलांना मी अक्षरं शिकवते. माझ्याच घरात ती अंगठा उठवत होती, आणि मी एकदाही विचारलं नव्हतं.

"तूच कवा इचारलं न्हाईस, बाय," काशीबाई म्हणाल्या.

डबा आणि फणी मी पिशवीत टाकली. वहीही टाकणार, तर काशीबाईंनी हात पुढे केला. "ती ऱ्हाऊ दे माझ्याकडं," म्हणाल्या, "अजून निम्मी कोरी हाय. माझं नाव व्हायचंय."